तासाचा दर आणि घनमीटरचा खर्च : मातीकामासाठी भाड्याच्या यंत्राची निवड

रब्बीची सुगी आटोपते आणि पावसाळ्याला जेमतेम दोन महिने उरतात, तेव्हा देशाच्या कोरडवाहू पट्ट्यांत मातीकामाची एकच घाई उडते. शेततळे खोदणे, तलावातील गाळ काढून शेतात पसरणे, उतारावर समतल चर काढणे, ओढ्याचे पात्र मोकळे करणे ही कामे एकेकाळी कुदळ, फावडे आणि घमेले यांच्या बळावर होत. आज त्यांपैकी बहुतेक खाजगी कामे भाड्याच्या यंत्राने होतात. साधन बदलले, तरी ते निवडण्याची रीत तयार झालेली नाही. जवळच्या रस्त्याच्या वा कालव्याच्या कामावर जे यंत्र आलेले असेल, तेच दोन दिवस शेतात वळवले जाते. एखाद्याने चौकशी केलीच, तर ती एकाच प्रश्नाची असते : तासाला किती?

बियाण्याची पिशवी घेताना उगवणशक्ती पाहणारा आणि दुभती गाय घेताना तिचे वेत विचारणारा शेतकरी लाखभर रुपयांचे मातीकाम मात्र केवळ तासाच्या दरावर ठरवतो. चूक झाली तर तिची किंमत पैशांत संपत नाही. अर्धवट खोदलेल्या तळ्यावर पहिला पाऊस येतो आणि एक हंगाम वाया जातो. वरच्या थराची सुपीक माती मुरुमाखाली गाडली जाते. न दाबलेली पाळ फुटते आणि खालच्या शेजाऱ्याच्या शेतात वाळू-मुरूम पसरतो. म्हणूनच भाड्याच्या यंत्राचा आकार ठरवणे हा कृषी विस्ताराचाच विषय मानला गेला पाहिजे. तो कंत्राटदारावर सोडून चालणार नाही.

नावात दडलेले आकार

गावोगावी दोनच नावे चालतात : ‘जेसीबी’ आणि ‘पोकलेन’. पहिले एका ब्रिटिश कंपनीचे नाव, दुसरे एका फ्रेंच कंपनीचे. पण आता ती जातिवाचक नामे झाली आहेत. चार टायरांवर चालणारे, पुढे रुंद लोडर आणि मागे खोदणारा हात असलेले बॅकहो लोडर म्हणजे जेसीबी. साखळीवर चालणारे, स्वतःभोवती पूर्ण फिरणारे एक्सकॅव्हेटर म्हणजे पोकलेन.

बॅकहो लोडरचे वजन साधारण साडेसात ते आठ टन असते. त्याच्या मागच्या बकेटात सुमारे पाव घनमीटर माती मावते, तर पुढच्या लोडरमध्ये एक घनमीटरच्या आसपास. हे यंत्र स्वतःच्या चाकांवर शेतापर्यंत येते.

‘पोकलेन’ या एका शब्दात मात्र अनेक आकार सामावतात. तीन टनांच्या लहान यंत्राचे बकेट एक दशांश घनमीटरच्या आसपास असते आणि ते अडीच-तीन मीटर खोल जाते. सात टनांचे यंत्र सुमारे चार मीटर, चौदा टनांचे साधारण साडेपाच मीटर आणि वीस टनांचे सहा मीटरपेक्षा अधिक खोल जाऊ शकते. वीस टनी यंत्राचे बकेट ०.९ ते १ घनमीटरचे असते. म्हणजे ‘पोकलेन सांगितले आहे’ एवढ्याने काहीच ठरत नाही. यंत्र किती टनांचे आणि बकेट किती घनमीटरचे, हे दोन आकडे विचारल्याशिवाय दर विचारण्याला अर्थ नाही.

कामाचे माप आधी

यंत्रापूर्वी कामाचे माप हवे. शेततळ्याचा वरचा आकार ३० मीटर × ३० मीटर, खोली ३ मीटर आणि बाजूंचा उतार १:१ असेल, तर तळाचा आकार २४ × २४ मीटर होतो. वरचे क्षेत्रफळ ९००, तळाचे ५७६ आणि मध्यावरचे २७ × २७ म्हणजे ७२९ चौरस मीटर. मध्यावरच्या क्षेत्रफळाची चौपट करून त्यात वरचे आणि तळाचे मिळवावे, बेरजेला सहाने भागावे आणि खोलीने गुणावे. उत्तर येते २,१९६ घनमीटर. याच रीतीने २० × २० × ३ मीटरचे तळे ८७६ घनमीटरचे, तर १५ × १५ × ३ मीटरचे ४४१ घनमीटरचे ठरते.

लांबी, रुंदी आणि खोली यांचा थेट गुणाकार केला, तर तीस मीटरचे तळे २,७०० घनमीटरचे भासते. सुमारे पाचशे घनमीटरचा हा फरक बाजूंच्या उतारामुळे पडतो, आणि उतार न ठेवता सरळ भिंती खोदल्या तर त्या पहिल्याच पावसाळ्यात ढासळतात. काळ्या, फुगणाऱ्या जमिनीत १:१ पेक्षाही सौम्य, १.५:१ असा उतार लागतो. त्या उताराने तेच तळे १,९७१ घनमीटरचे होते. काम देण्यापूर्वी हा आकडा शेतकऱ्याच्या हाती नसेल, तर किती तास लागतील याचा अंदाज चालकावर सोडावा लागतो.

स्वस्त तास, महाग तळे

आता दोन यंत्रांची तुलना करता येते. पुढील दर केवळ हिशेबाची रीत समजण्यासाठी धरले आहेत. प्रत्यक्ष दर जागोजागी आणि हंगामागणिक वेगळे असतात. समजा, बॅकहो लोडरचे भाडे तासाला १,२०० रुपये आहे आणि वीस टनी एक्सकॅव्हेटरचे २,५०० रुपये. एक्सकॅव्हेटर ट्रेलरवरून आणण्या-नेण्याचे १०,००० रुपये वेगळे.

चालकाचे थांबणे, यंत्र सरकवणे हे सारे धरून बॅकहो तासाला ९० आणि एक्सकॅव्हेटर १०० बकेट माती काढतो असे मानू. बकेट नऊ दशांश भरते. मोकळी झालेली माती सुमारे सव्वापट फुगते, म्हणून जागेवरच्या मातीचे माप काढण्यासाठी १.२५ ने भागावे लागते. अशा हिशेबाने पाव घनमीटर बकेटाचा बॅकहो तासाला सुमारे १६ घनमीटर, तर ०.९ घनमीटर बकेटाचे एक्सकॅव्हेटर सुमारे ६५ घनमीटर काम करते.

२,१९६ घनमीटरच्या तळ्याला बॅकहोचे सुमारे १३७ तास लागतील आणि भाडे होईल जवळजवळ १ लाख ६५ हजार रुपये. एक्सकॅव्हेटर हेच काम ३४ तासांत उरकेल आणि ट्रेलरचा खर्च धरूनही ९५ हजार रुपये पुरतील. दर घनमीटरचा खर्च पहिल्याचा ७५ रुपये, दुसऱ्याचा ४३. तासाला दुपटीहून महाग वाटणारे यंत्र येथे सत्तर हजार रुपये वाचवते.

शिवाय बॅकहोच्या हाताची पोच मर्यादित असते. रुंद तळ्याच्या मध्यातील माती त्याला एकदा काढून ठेवावी लागते आणि पुन्हा उचलून काठावर न्यावी लागते. ही दुबार हाताळणी वरच्या १३७ तासांत धरलेलीच नाही.

काम लहान असेल तर गणित पालटते. याच दरांनी सुमारे २७५ घनमीटरच्या खाली ट्रेलरचा खर्च वसूल होत नाही आणि बॅकहो स्वस्त पडतो. १०० घनमीटरच्या छोट्या खड्ड्याला बॅकहोचे ७,५०० रुपये होतील, एक्सकॅव्हेटरचे जवळजवळ १४,०००. प्रत्येक ठिकाणी हा उंबरठा वेगळा असेल. तो काढण्याची रीत मात्र एकच आहे.

वेळेचा हिशेबही याच रीतीने करावा. २४ एप्रिल २०२२ रोजी सुरू झालेल्या अमृत सरोवर मोहिमेत प्रत्येक तळे किमान एक एकराचे आणि सुमारे १०,००० घनमीटर पाणी मावेल एवढे असावे, असे ठरले होते. एखाद्या गावाने वा शेतकरी गटाने स्वखर्चाने त्या आकाराचे तळे खोदायला घेतले, तर एका बॅकहोला रोज आठ तास चालून ७८ दिवस लागतील, वीस टनी यंत्राला १९. एप्रिलच्या अखेरीस काम सुरू करणाऱ्याकडे पावसापूर्वी ७८ दिवस नसतात.

त्याच यंत्रांचे उलटे उत्तर

येथवरचे वाचून ‘मोठे यंत्र नेहमी स्वस्त’ असा निष्कर्ष कोणी काढला, तर गाळाच्या कामात तो फसेल. तेलंगणात २०१५ मध्ये सुरू झालेले मिशन काकतीय असो की महाराष्ट्रात २०१७ मध्ये सुरू झालेली गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजना, तलावातला गाळ शेतकऱ्यांनी आपापल्या शेतात वाहून नेणे हा अशा कामांचा आधार असतो. येथे माती काठावर टाकून भागत नाही. ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरायची असते, आणि कामाची गती बकेटाइतकीच ट्रॉल्यांच्या संख्येवर ठरते.

साधारण ट्रॉलीत एक ब्रास, म्हणजे १०० घनफूट किंवा २.८३ घनमीटर माती मावते. वीस टनी यंत्र ती चार बकेटांत भरते. ट्रॉली लागण्याचा वेळ धरून सुमारे तीन मिनिटे. बॅकहोच्या मागच्या हाताला तेरा बकेटे आणि साडेसात मिनिटे लागतात. शेतापर्यंत जाऊन, रिकामे करून परत येण्यास ट्रॅक्टरला अर्धा तास लागतो असे धरू. मग बॅकहोला सतत गुंतवून ठेवण्यासाठी पाच ट्रॅक्टर पुरतात, एक्सकॅव्हेटरला मात्र अकरा लागतात.

गावात पाचच ट्रॅक्टर जमले आणि मोठे यंत्र आणले, तर तासाला जेमतेम नऊ ट्रॉल्या भरतात. उरलेला वेळ यंत्र इंजिन चालू ठेवून वाट पाहते आणि मीटर पुढे सरकत राहतो. एका ट्रॉलीमागे यंत्राचा खर्च २७५ रुपये पडतो. त्याच पाच ट्रॅक्टरांसह बॅकहो तासाला आठ ट्रॉल्या भरतो आणि खर्च १५० रुपये येतो. अकरा ट्रॅक्टर असतील, तर मोठे यंत्र तासाला वीस ट्रॉल्या भरते आणि खर्च १२५ रुपयांवर उतरतो. ट्रेलरचा खर्च या तिन्ही आकड्यांत धरलेला नाही, तो वेगळा.

सुकलेला, भुसभुशीत गाळ असेल तर बॅकहोच्या पुढच्या लोडरचा उपयोग आणखी होतो, कारण एक घनमीटरचे ते तोंड तीन-चार खेपांत ट्रॉली भरते. ओला, चिकट गाळ असेल तर टायरचे यंत्र रुतते. तेथे साखळीचे यंत्र घेणे भाग पडते. म्हणून गाळाच्या कामात ग्रामसभेने पहिला प्रश्न यंत्रमालकाला न विचारता स्वतःला विचारावा : रोज किती ट्रॅक्टर नक्की येतील आणि ते किती लांब जाणार आहेत? शेते दूर असतील तर खेपेचा वेळ वाढतो आणि ट्रॅक्टरही त्या प्रमाणात अधिक लागतात.

बकेटाची रुंदी आणि चराची रुंदी

समतल चरांच्या कामात घनमीटरपेक्षा आकाराला महत्त्व असते. डोंगरउतारावरचा सलग समतल चर सामान्यतः ६० सेंटीमीटर रुंद आणि ३० सेंटीमीटर खोल असतो, म्हणजे दर मीटर लांबीला केवळ ०.१८ घनमीटर खोदाई. वीस टनी यंत्राचे नेहमीचे बकेट सव्वा मीटरच्या आसपास रुंद असते. ते उतारावर नेले, तर आवश्यकतेच्या दुप्पट माती उकरली जाते. जास्तीची मोकळी माती पहिल्या जोराच्या सरीत खाली वाहते, आणि धूप थांबवण्यासाठी केलेले कामच धुपीला निमित्त होते.

येथे ६० सेंटीमीटर रुंदीचे बकेट लावलेले तीन ते सात टनांचे साखळीचे यंत्र योग्य. तीव्र उतारावर टायरचे यंत्र उलटण्याचा धोका असतो, आणि फार तीव्र उतारावर कोणतेही यंत्र नेऊ नये. तेथे माणसाच्या हाताला पर्याय नाही. यंत्रमालकाकडे अरुंद बकेट आहे का, हा साधा प्रश्न विचारला जात नाही. परिणामी चराची रुंदी आराखड्याऐवजी बकेटावरून ठरते.

वाट, वजन आणि जमीन

यंत्राचा आकार शेतापर्यंतची वाटही ठरवते. वीस टनी यंत्र सुमारे पावणेतीन मीटर रुंद असते, आणि ट्रेलर वळण्यासाठी मोकळी जागा लागते. छत्तीसगड, ओडिशा किंवा कोकणातील भातखाचरांच्या प्रदेशात बांध अरुंद आणि तुकडे लहान असतात. तेथे असे यंत्र न्यायचे तर चार शेजाऱ्यांचे बांध मोडावे लागतात. हिमालयातील पायऱ्यांच्या शेतांत तर तीन टनी यंत्रही जपून न्यावे लागते. मोडलेले बांध पुन्हा घालण्याचा खर्च आणि शेजाऱ्यांशी येणारे वितुष्ट कोणत्याही दरपत्रकात नसते.

वजनाविषयी एक गैरसमज दूर व्हायला हवा. वीस टनांचे यंत्र जमीन अधिक दाबते असे सर्वांना वाटते. साखळीचा पट्टा लांब-रुंद असल्याने त्याचा पृष्ठभागावरील दाब दर चौरस सेंटीमीटरला अर्ध्या किलोच्या आसपास राहतो. आठ टनी बॅकहोच्या टायरांखालचा दाब त्याच्या कितीतरी पट असतो. म्हणून ओलसर जमिनीत टायरचे यंत्र आधी रुतते. मात्र खोलवरच्या थराचे दडपणे एकूण वजनावरही अवलंबून असते. जड यंत्र ओल्या काळ्या जमिनीत वारंवार फिरले, तर नांगराच्या फाळाखालचा थर घट्ट होतो आणि तो पुढे अनेक हंगाम मुळांना व पाण्याला अडवतो. तेव्हा यंत्र कोणतेही असो, त्याची ये-जा एकाच ठरलेल्या वाटेने व्हावी, आणि जमीन ओली असताना काम घेऊ नये.

जमिनीच्या पोटात काय आहे, हे न पाहता यंत्र सांगणे हा आणखी एक अंधारातला सौदा. दख्खनच्या पठारावर फूट-दीड फुटाखाली मुरूम आणि त्याखाली मांजऱ्या खडक लागणे नेहमीचे. तेथे बॅकहोचे दात घासत राहतात आणि तास वाढत जातात. कठीण मुरमात मोठ्या यंत्राला अरुंद, मजबूत दातांचे बकेट लावले तर जोर एकवटतो. पक्का खडक लागला तर ब्रेकर लागतो आणि त्याचा दर वेगळा असतो. एक-दोन चाचणी खड्डे आधी घेतले, तर हे सारे काम सुरू होण्यापूर्वीच कळते. तीन मीटरच्या तळ्याऐवजी दोन मीटरचे पण पसरट तळे घ्यावे, हा निर्णयही त्याच खड्ड्याच्या काठावर होऊ शकतो.

उकरलेल्या मातीचे काय?

खोदाईचा हिशेब होतो, पण मातीच्या ढिगाचा होत नाही. २,१९६ घनमीटरचे तळे खोदले की मोकळी माती सुमारे २,७४५ घनमीटर होते. ती सगळी हलवायची म्हटले, तर ट्रॉलीच्या ९७० खेपा होतील. म्हणून माती कोठे जाणार, याचे उत्तर यंत्र येण्यापूर्वी हवे. वरचा वीस-तीस सेंटीमीटरचा सुपीक थर आधी खरवडून वेगळा ठेवावा आणि काम संपल्यावर शेतात पसरावा. घाईत असलेला मोठ्या यंत्राचा चालक हे आपणहून करत नाही. त्याला सांगावे लागते आणि त्यासाठीचे एक-दोन तास हिशेबात धरावे लागतात.

पाळीच्या भरावाकडे तर सर्वाधिक दुर्लक्ष होते. एक्सकॅव्हेटर माती काढते आणि टाकते; बकेटाने वरवर थोपटणे म्हणजे दाबणे नव्हे. भराव पातळ थरांत घालून, पाणी शिंपडून, रोलरने किंवा भरलेल्या ट्रॉलीच्या ट्रॅक्टरने फिरून दाबावा लागतो. तळ्याचा काठ आणि पाळ यांत किमान एक मीटर मोकळी पट्टी ठेवावी, नाहीतर ढिगाच्या भाराने बाजू खचते. सांडव्याची जागा आणि पातळी आधी आखून द्यावी. एक्सकॅव्हेटरवर वाचलेल्या रकमेचा थोडा भाग या दाबणीवर खर्च केला, तर वाचलेले पैसे खऱ्या अर्थाने पदरी पडतात.

भाड्याची बोली

यंत्र योग्य निवडले तरी बोली अस्पष्ट असेल, तर शेवट वादातच होतो. भाडे डिझेलसह की डिझेल वगळून, हा पहिला मुद्दा. बॅकहो तासाला साधारण चार ते सहा लिटर डिझेल घेतो, वीस टनी यंत्र बारा ते सोळा लिटर. त्यामुळे ‘स्वस्त’ दर डिझेल वगळून असेल तर तो स्वस्त राहत नाही. तासमीटरचे आकडे सुरू होताना आणि थांबताना दोघांसमक्ष लिहून ठेवावेत. किमान किती तासांचे भाडे पडणार, बिघाडाचा वेळ कोणाकडे आणि ट्रेलरचा खर्च एकेरी की दुहेरी, हेही आधीच ठरावे.

काम मोठे आणि आकार नियमित असेल, तर तासाऐवजी घनमीटरवर बोली करणे शेतकऱ्याच्या हिताचे. मात्र माप खड्ड्यात घ्यावे. ढिगाचे किंवा ट्रॉल्यांचे माप धरले, तर फुगलेल्या मातीमुळे तेच काम सव्वापट दिसते. घनमीटरच्या बोलीत चालक उताराकडे आणि सुपीक थराकडे दुर्लक्ष करण्याची शक्यता असते, म्हणून त्या दोन अटी लेखी हव्यात आणि शेवटचा हप्ता त्या पूर्ण झाल्यावर द्यावा. वरून जाणाऱ्या वीजतारा आणि जमिनीखालच्या पाइपलाइन आधी दाखवून देणे, तसेच चालू यंत्राच्या फिरण्याच्या कक्षेत लहान मुलांना येऊ न देणे, ही जबाबदारी मात्र शेतमालकाची.

विस्तार यंत्रणेने काय करावे

या साऱ्यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो. एप्रिल-मे महिन्यांत यंत्रे मिळणेच कठीण; जे मिळेल ते घ्यावे लागते; निवडीचे स्वातंत्र्य शेतकऱ्याला आहेच कुठे? एकट्या शेतकऱ्यापुरते हे खरे आहे. पण गट केला की चित्र बदलते. वरच्याच दरांनी १५ × १५ मीटरच्या एका तळ्यासाठी वीस टनी यंत्र आणले, तर खर्च सुमारे २७ हजार, म्हणजे घनमीटरला ६१ रुपये येतो. जवळजवळच्या पाच शेतकऱ्यांनी ट्रेलरचा खर्च वाटून घेतला, तर प्रत्येकाचा खर्च १९ हजारांवर, घनमीटरला ४३ रुपयांवर उतरतो. म्हणजे लहान तळ्याच्या मालकालाही मोठ्या तळ्याचाच दर मिळतो. पाच तळ्यांचे सलग काम हाती असलेल्या गटाकडे यंत्रमालकही आधी वळतो.

मध्य प्रदेशातील देवास जिल्ह्यात २००६ पासून तत्कालीन जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी स्वतःच्या पैशांतून ‘रेवा सागर’ नावाने तळी खोदली. कूपनलिकांवरची भिस्त संपत आलेल्या माळव्याच्या काळ्या जमिनीत ती चळवळ गावोगावी पसरली. शेतकरी स्वतःचा पैसा घालतो तेव्हा प्रत्येक घनमीटरचा हिशेब त्याच्या जिव्हाळ्याचा असतो, आणि अनेक तळी जवळजवळ होतात तेव्हा यंत्र एका शिवारातून दुसऱ्या शिवारात ओळीने फिरवता येते. हे नियोजन कोणीतरी करायला हवे. गावाची ओळख आणि तांत्रिक ज्ञान या दोन्ही गोष्टी ज्याच्याजवळ आहेत, तो विस्तार कार्यकर्ता त्यासाठी सर्वांत योग्य.

एक मर्यादा मात्र स्पष्ट असावी. रोजगार हमीच्या कामांत मजुरांची जागा घेणाऱ्या यंत्रांना थारा नसतो, आणि तो नसावाच. येथील चर्चा शेतकऱ्यांच्या स्वखर्चाच्या आणि यंत्राला मुभा असलेल्या योजनांतील कामांपुरती आहे.

आजवर यांत्रिकीकरणाच्या प्रशिक्षणात पेरणी यंत्र, फवारणी यंत्र, रोटाव्हेटर, मळणी यंत्र यांना स्थान मिळाले. शेतकऱ्याच्या एका हंगामातील सर्वांत मोठा खर्च ज्या यंत्रावर होऊ शकतो, ते भाड्याचे उत्खनन यंत्र मात्र या चर्चेबाहेर राहिले. कारण ते शेतीचे अवजार मानले जात नाही. ही वर्गवारी सोडून द्यावी. कृषी विज्ञान केंद्रांनी मृद व जलसंधारणाच्या प्रशिक्षणात अर्धा दिवस या हिशेबाला द्यावा. प्रत्येक तालुक्यात उपलब्ध यंत्रांची टनेज, बकेट, डिझेलसहचा दर आणि ट्रेलरखर्च यांची यादी फेब्रुवारीतच तयार व्हावी. शेततळ्याच्या आराखड्याला एक पान जोडावे : एकूण घनमीटर, चाचणी खड्ड्यात काय लागले, वाटेची रुंदी, मातीची विल्हेवाट, लागणारे ट्रॅक्टर आणि दोन यंत्रांचा घनमीटरनिहाय खर्च. हे पान भरायला एक तास पुरतो.

तो एक तास फेब्रुवारीत खर्च झाला, तर मे महिन्यात शेतकरी यंत्रमालकाला तासाचा दर विचारण्याआधी यंत्र किती टनांचे आणि बकेट किती घनमीटरचे, हे विचारील. त्या प्रश्नाचे उत्तर ऐकून काय करायचे, हेही त्याला ठाऊक असेल.